टोचनगाडीचं इंजिन आणि माझी जीभ

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणं हा आमच्या घरचा धंदा आहे, आणि त्या दिवशी आमचीच गाडी ओढून आणावी लागली.

पडेगावात रस्त्याला लागून आमचं घर. घरापुढं अंगण कमी आणि गाडी जास्त! माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, एक जुना ट्रक घेऊन त्याच्या पाठीवर हूक-साखळीची क्रेन बसवून घेतलेली. आमच्याकडं तिला टोचनगाडी म्हणतात. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की फोन येतो, आमचे हे निघतात आणि ती गाडी टोचन करून गॅरेजला पोचवतात. मी घरी ब्लाउज शिवते. (म्हणजे दोघंही लोकांच्या अडचणीवर जगतो, असं मी म्हणते. हे हसत नाहीत.)

गाडीचं इंजिन थकलंय, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. सकाळी चालू केली की असा निळा धूर सुटायचा की शेजारच्या काकू पापडाची चादर चारी टोकं धरून आत पळवायच्या. डिझेल प्यायची ते प्यायची, वर इंजिन ऑइलही प्यायची. चढ लागला की कण्हायची. माझं मत मात्र पक्कं होतं : आमच्यासारखी गाडी अख्ख्या जिल्ह्यात नाही! आणि हे मत मी माहेरी, खुलताबादला, दर फेरीला न विचारता सांगून यायची.

तर त्या दिवशी माहेरी भाचीची सुपारी फुटणार होती. आम्ही निघणार तेवढ्यात यांना फोन आला. खुलताबादच्याच एका मास्तरांची कार दौलताबादजवळ बंद पडली होती.

"चल, टोचनगाडीच घेऊ. कार घेऊन तसंच वर जाऊ," हे म्हणाले.

मलाही ते पटलं. माहेरच्या दारात आपली गाडी थाटात उभी राहील, लोक बघतील! (लोकांनी बघितलंच. पण ते पुढं.) पैठणी नेसून टोचनगाडीच्या केबिनमध्ये चढणं म्हणजे काय असतं ते चढलेल्या बाईलाच विचारा. मास्तरांची कार मागं अडकवली आणि आम्ही घाटाला लागलो.

घाटाच्या मध्यावर इंजिनानं एक लांब उसासा टाकला.

"काय झालं हो?"

"दम लागला."

"तुम्हाला?"

"गाडीला!"

मागून पुढून धूर. यांनी गियर उतरवले, उतरवले, आणि उतरवायला गियर उरला नाही तेव्हा गाडी उभी राहिली. चाकांना दगड लावले. मास्तर कारमधून उतरून पुढं आले, चष्मा पुसला आणि अगदी विद्यार्थ्याला विचारावं तसं शांतपणे म्हणाले, "आता तुम्हाला ओढायला कुणाला बोलवायचं असतं?"

मी माझ्या भावाला, दादाला, फोन लावला. दादा आला तो ऊस वाहायचा मोठा ट्रॅक्टर घेऊन, आणि त्याच्यामागं मोटारसायकलींवरून निम्मे पाहुणे! सुपारीचा कार्यक्रम थांबवून माणसं बघायला आलेली. मग निघाली आमची वरात. पुढं दादाचा ट्रॅक्टर, त्याला बांधलेली आमची टोचनगाडी, तिला बांधलेली मास्तरांची कार. मी केबिनमध्ये पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसले. आमच्या तिघांत एकटे मास्तर तेवढे खिडकीतून लोकांना हात करत होते.

मांडवात पोचलो तर दादा भर पाहुण्यांत म्हणाला, "आमच्या दाजींचा धंदा लई जोरात हाय बरं का! आज एका टायमाला दोन गाड्या ओढल्या. दोन्ही म्या!"

असा हशा पिकला की भटजींनासुद्धा पुढचा मंत्र आठवेना. हे गुमान पोहे खात होते. माझ्या मात्र डोक्यात गेलं.

"हसून घे दादा," मी उभी राहून म्हणाले, "हेच इंजिन आम्ही घरी उघडू आन् नव्यासारखं करू. याच घाटातून भरलेली गाडी ओढून वर नेऊ. तवा तुझा ट्रॅक्टर तुला बाजूला घ्यावा लागंल!"

यांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. जरा वेळानं माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "आम्ही म्हंजे कोण कोण?"

घरी आल्यावर वाटलं होतं मामा रागावतील. पण मामांची कळी खुलली! जवानीत त्यांनी कितीतरी इंजिनं उघडली होती, आणि त्यांचा लेक, हा पठ्ठ्या, "बघू, बघू" म्हणून दिवस ढकलत होता. "सूनबाई बोलली ते झ्याक झालं," मामा म्हणाले. "आता माघार नाय."

अंगणात तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं राहिलं, त्याला चेन-कप्पी लागली आणि इंजिन गाडीतून निघून जमिनीवर आलं. मामांनी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडून मला आत बोट घालायला सांगितलं. ज्या नळकांड्यात पिस्टन खालीवर होतो त्याला लायनर म्हणतात. त्याच्या वरच्या कडेला झिजून नख अडकेल अशी पायरी पडली होती.

"हे बघ," मामा म्हणाले, "लायनर आन् पिस्टन म्हंजे तुझं ब्लाउजचं फिटिंग. ढिलं झालं की सगळा दम बाहेर. लई आवळलं की उसवलंच समज."

मला झटक्यात सगळं कळलं! त्या क्षणापासून मी स्वतःला इंजिनियर समजायला लागले, आणि घरावरचं खरं संकट तिथून सुरू झालं.

लायनर आणि पिस्टन नवे आणायचे ठरले. पिस्टनच्या जोरानं फिरणारा क्रँक घासायला गेला, डिझेलचा पंप आणि नोझल पंपवाल्याकडं गेले. पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे मात्र जुनेच बसणार होते. प्रत्येक दांड्याची खालची टोपी त्याचीच त्याला लागते, अदलाबदल चालत नाही. म्हणून यांनी खडूनं सगळ्यांवर नंबर टाकले आणि ते बाजारात गेले. मी बघितलं, काय ती घाण! काजळी, चिकट तेल, वर पांढरे खडूचे डाग! डिझेलची पाटी घेतली, ब्रश घेतला, सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, जोडीला घेतलं आणि आम्ही दोघींनी सगळं घासून भांड्यासारखं लख्ख करून उन्हात पालथं घातलं.

हे परत आले. बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, कौतुकानं!

"नंबर कुठं गेले?"

"कसले नंबर? डाग होते ते!"

यांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर बसकण मारली. "सगळं संपलं," म्हणाले. आत्या म्हणाल्या, "व्हय रं, एवढं उजळलं तर तोंड का पाडतो?" मी देवघराकडं निघालेच होते, तेवढ्यात मामांनी एक दांडा उचलून उन्हात धरला. "थांबा की! हे काय हाय?" कंपनीनं दांड्यावर आणि टोपीवर ठोकलेले मूळ नंबर काजळीखाली गाडले गेले होते, ते घासून घासून वर आले होते! जोड्या आपोआप लागल्या. "मला ठाऊकच होतं," मी म्हणाले. (मला काहीही ठाऊक नव्हतं.)

रिंगा बसवायचं काम मी मागून घेतलं. पिस्टनला गुंडाळलेल्या या रिंगा, त्यांना एका जागी फट असते. ती पातळ पत्तीनं मोजायची आणि सगळ्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर दम तिथून निसटतो. हे तर माझंच काम! शिवणीवर शिवण येऊ द्यायची नाही, एवढंच. एकेक रिंग लायनरमध्ये घालून मी पत्ती सरकवून बघितली. एक जराशी आवळ निघाली तेव्हा मामांनी ती हळूच कानशीनं घासली, परत मोजायला लावली आणि मान डोलावली. "पोरगी हातानं बघती," ते यांना म्हणाले. लग्नात घातलेले दागिने त्या एका वाक्यापुढं फिके!

इंजिन जुळत आलं. खालचं तेलाचं चेंबर बंद झालं, ऑइल भरलं, हेड कसलं. आणि मग यांना सुट्या भागांच्या ताटलीत एक काळी, दातेरी, रबरी चकती दिसली.

"हे कुठलं?"

मामांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "आमच्या वेळच्या इंजिनात हे नव्हतं बाबा." यांनी जाडजूड पुस्तिका उलटीपालटी केली. तेलपंपाचं असेल? टायमिंगचं असेल? शेवटी जिवाचा धडा करून भरलेलं ऑइल परत काढलं, इंजिन कप्पीवर उचलून चेंबर परत खोललं. हे आडवे होऊन आत बॅटरी मारताहेत, मामा वरून सूचना देताहेत, मी दोघांना धीर देतेय, आणि आतून आत्यांचा आवाज आला.

"सुरेखा, मिक्सर फिरंना गं! भांड्याखालचं ते काळं फूल कुठं गेलं?"

हे इंजिनाखालून हळूहळू बाहेर आले आणि माझ्याकडं बघायला लागले. (तेलकट झालं होतं हो ते! मी म्हटलं, एवढं डिझेलमध्ये धुतोय तर हेही धुऊन होईल!)

त्यानंतर बराच काळ आमच्या घरची लसणाची चटणी खाऊन पाहुणे विचारायचे, "गाडी कुठं लावता, स्वयंपाकघरात का?"

पण इंजिन! चेंबर पुन्हा बसलं, इंजिन गाडीत गेलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि मामांनी स्वतः चावी फिरवली. एकदा नुसतंच घुमलं. दुसऱ्यांदा थोडा पांढरा धूर आला. आणि मग असं धरलं म्हणता! एकसारखा, भरीव, घोटीव आवाज. धूर बघायला काकू चादरीची टोकं धरून तयार उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मामा खाली उतरून बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून ऐकत होते. हे माझ्याकडं बघून कितीतरी दिवसांनी हसले. मी रडले. (डिझेल गेलं होतं डोळ्यात, असं सगळ्यांना सांगितलं.)

नव्या इंजिनाला लगेच जड काम द्यायचं नसतं. सुरुवातीला हलक्या गाड्याच ओढल्या, मग ऑइल बदललं, हेडचे नट पुन्हा कसून घेतले. मामांनी मला ऑइल-प्रेशरचा काटा आणि लाल दिवा दाखवून ठेवला : प्रेशर फार पडलं की हा दिवा लागतो. मी रोज विचारायची, "घाट कधी?" हे रोज म्हणायचे, "जरा दम धर. गाडी धरती, तू धर."

आणि एक दिवस फोन आला. मांडवाच्या सामानानं भरलेला टेम्पो घाटाच्या तोंडाशी बंद पडलेला, वर गावात दुसऱ्या दिवशी लग्न! मी ब्लाउज मशीनवर तसाच सोडून केबिनमध्ये चढले. आम्ही पोचलो तर कडेला दादाचा ट्रॅक्टर उभा. नवरीच्या बापानं घाबरून त्यालाही बोलावलं होतं. दादा दोर सोडतच होता.

"दादा," मी खिडकीतून मान काढली, "ट्रॅक्टर बाजूला घे!"

नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "ताई, जाईल ना हो? पोरीचा मांडव हाय त्यात."

"आमच्या रिंगा बघितल्यात का तुम्ही?" मी म्हणाले. बिचारा माझ्या बोटांकडं बघायला लागला.

टेम्पो हुकाला लागला. यांनी पहिला गियर टाकला, क्लच सोडला, आणि गाडीनं तो भार असा उचलला जसा आत्या घागर उचलतात. वळण आलं, गेलं. मागच्या वेळी जिथं दगड लावले होते ती जागा आली, गेली. गरमीचा काटा जागचा हलला नाही, आवाज बदलला नाही. मी हॉर्न वाजवत होते. हे म्हणत होते, "अगं, रस्ता मोकळा हाय!" मला कुठलं ऐकू येतंय! माथ्यावर पोचलो, मागून दादा ट्रॅक्टर घेऊन आला आणि उतरून यांच्यासमोर हात जोडले. "मानलं दाजी."

"मला नको," हे म्हणाले. "तिच्या हाताचं काम हाय ते."

दादानं माझ्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न सांगता ट्रॅक्टर आणखी बाजूला घेतला.

त्यानंतर आमची गाडी एकदाही अडली नाही. अडतं ते माझंच. परवा चक्कर आली म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "प्रेशर कसं असतं एरवी?"

मी अभिमानानं सांगितलं, "थंड असताना जास्त असतं डॉक्टर, गरम झालं की जरा उतरतं. पण लाल दिवा अजून एकदाही लागला नाही!"