कंडक्टरकाकांचं थंड घर

कंडक्टरकाकांनी आयुष्यभर एकच वाक्य म्हटलं होतं, "आत सरका, आत भरपूर जागा आहे!" बसमधली नोकरी सुटून वर्षं लोटली, खाकी शर्टाचं पायपुसणं झालं आणि तेही फाटलं, पण वाक्य काही सुटलं नाही. लिफ्ट भरलेली असली तरी काका बाहेरच्याला हाक मारत. न्हाव्याच्या दुकानात बाकावरच्या मंडळींना सरकवून भलत्याच माणसाला बसवत. रिकामी जागा दिसली की त्यांना कसंसंच होई. मागच्या थांब्यावर कुणीतरी ताटकळत राहिलंय, असंच वाटे.

काका राहत एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. उन्हाळ्यात ती दिवसभर ऊन पिई आणि सगळं खाली काकांच्या घरात ओकी. नळ सोडला की चहाचं पाणी, भिंतीला टेकलं की पाठ शेकून निघे. कपाटातल्या मेणबत्त्या उन्हाळा संपेपर्यंत एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या असत. पंखा होता, तो हीच गरम हवा इमानेइतबारे घरभर वाटे. एसी लावावा, तर इमारतीची वायरिंग म्हातारी. चारजणांनी एकदम एसी लावले की सगळा जिना अंधारात. शिवाय खालच्या मजल्यावरच्या एसीचा गरम फुत्कार नेमका काकांच्या खिडकीत.

गेल्या उन्हाळ्यात काकू गॅसपुढे उभ्या असताना चक्कर येऊन पडल्या. शुद्धीवर येताच म्हणाल्या, "भाजी लागली का हो?" काका हसले आणि त्यांनी आधी लेकीला फोन लावला. लेक धावत आली आणि तिने निक्षून सांगितलं, "बाबा, पुढच्या उन्हाळ्यातही घर असंच तापलं तर तुम्ही दोघं माझ्याकडे. हे विकायचं. वाद नकोय मला."

लेकीचं घर छान होतं. फारच छान होतं. तिथल्या सोफ्यावर बसण्याआधी तिकीट काढावं असं काकांना वाटे. जावईबापू इतक्या अदबीने बोलत की आपल्याला काही मोठा आजार झालाय आणि तो आपल्यापासून लपवताहेत, अशी काकांना शंका येई. शेजारी कोण राहतं, हे लेकीलाच ठाऊक नव्हतं. जिन्यात एखादं भांडण सोडवल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नाही, त्या माणसाने तिथे करायचं काय?

म्हणून काकांनी तळमजल्यावरच्या इंजिनियर मुलीला गाठलं. इमारती थंड कशा ठेवायच्या, हेच तिचं काम. ती स्वतः मात्र सदा तापलेली. गच्ची पाहून ती म्हणाली, "काका, भर उन्हात काळा कोट घालून उभं राहिल्यावर आणखी काय होणार? गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. पश्चिमेच्या खिडक्यांना पडदे लावा, पण बाहेरून. ऊन घरात येऊन बसल्यावर पडदा ओढून काय उपयोग? आणि खिडक्या रात्री उघड्या, दिवसा बंद."

सोसायटीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांच्यासमोर माणसं दिवसभर तोंड उघडून बसत आणि एक शब्द बोलत नसत. तीच सवय त्यांना सभेतही लागली होती. पण काकांनी त्यांना दवाखान्यात, जिन्यात, पार्किंगमध्ये गाठून इतकं पिडलं, की शेवटी वैतागून ते म्हणाले, "बरं, तुमच्या जिन्यावरच्या गच्चीचं करून बघू. उन्हाळ्यात मी स्वतः येईन. फरक दिसला तर बाकीच्या गच्च्या. नाही दिसला तर पुन्हा माझ्यापुढे रंगाचं नाव काढायचं नाही."

रंग लागला. काका त्याला नातवासारखं जपू लागले. गच्चीवर चप्पल बंद. वाळवणाला बंदी. कबुतरांना तेवढं काही समजावता येईना, तेव्हा काका रोज सकाळी बादली आणि झाडू घेऊन वर जात आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

आणि उन्हाळा आला तो खाली उतरलाच नाही! भिंतीला पाठ टेकता येऊ लागली. काकू दुपारी चक्क घोरू लागल्या. काका त्यांना मुद्दाम उठवून विचारत, "झोप लागली का?" काकू म्हणत, "लागली होती!"

परीक्षेची दुपार ठरली. लेक येणार, डॉक्टर येणार. इंजिनियर मुलीने बजावलं, "काका, दोघंच हं. खिडक्या बंद ठेवा आणि उगाच काही करू नका."

पण उगाच काही न करणं काकांना जन्मात जमलं नव्हतं. एवढं गार घर आणि माणसं दोनच? सकाळीच त्यांनी जिन्यात आरोळी दिली, "या, या! गारवा बघायला या!" दुपारी लोक येऊ लागले. काका दारात उभे. "आत सरका, आत भरपूर जागा आहे! आजी, तुम्ही खुर्चीवर. अहो, चष्मेवाले, खिडकीपाशी सरका!" सगळ्या जिन्यांतून माणसं आली. आली म्हणून काकांनी गॅसवर मोठं पातेलं चढवून चहा ठेवला.

थोड्याच वेळात बाहेरची खोली चिकचिकू लागली. आजींनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. चष्मेवाल्यांचा चष्मा वाफेने पांढरा झाला. गर्दीतून वाट काढत लेक आत आली, तिने परीक्षेसाठी भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरकडे पाहिलं आणि मग बापाकडे. कपाळावरून घाम ओघळत होता, दोघांच्याही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सामान बांधायला घ्या."

काकांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "अगं, कालपर्यंत... आईला विचार..."

"आईला काय विचारू? ती तर म्हणेल, भाजी लागली का."

इतक्यात इंजिनियर मुलगी पोचली. दारातच तिने कपाळावर हात मारला. "काका! हे काय? एक माणूस म्हणजे एक जुना शंभरचा बल्ब! तुम्ही घरात अख्खी रोषणाई केलीत, वर चूलही पेटवलीत! गॅस बंद करा आणि उतरवा सगळ्यांना!"

बसलेल्या प्रवाशाला काकांनी कधीही उतरवलं नव्हतं. ते कसेबसे म्हणाले, "शेवटचा थांबा, मंडळी. उतरा."

मंडळी कुरकुरत उतरली. आजी दारातून म्हणाल्या, "एवढं बोलावलंत, आणि चहासुद्धा नाही?"

घर रिकामं झालं. लेकीने इकडेतिकडे पाहिलं. "डॉक्टर आलेच नाहीत का?"

"आले की," काका म्हणाले. "सगळ्यांच्या आधी आले. मीच त्यांना आत सरका म्हटलं."

तेवढ्यात आतल्या खोलीच्या बंद दारामागून आवाज आला. करवत चालल्यासारखा. लेकीने दार ढकललं, आणि तिच्या तोंडावर गार हवा आली. कॉटवर अध्यक्षमहाशय आडवे झाले होते, तोंड उघडं टाकून. शेजारी खुर्चीत काकू लसूण सोलत बसल्या होत्या. पंखा बंद होता. डॉक्टरांच्या पायांवर चादर होती.

"आई, चादर?"

"हळू बोल. पंखा लावला तर पाय आखडून घेत होते बिचारे," काकू कुजबुजल्या. "बाहेर कसला गोंधळ घातलाय यांनी? इथे बघ की कसं छान वाटतंय."

लेकीने पलीकडच्या भिंतीला हात लावून पाहिला. मग पाठ टेकली. मग तिथेच फरशीवर फतकल मारून बसली, लहानपणी बसायची तशी.

"बाबा," डोळे मिटत ती म्हणाली, "सामान राहू द्या. हे घर विकायचं नाही. माझ्या घरी फोन करून सांगा, मीच आज इथे राहतेय म्हणून."

काका दारात उभेच राहिले. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की डॉक्टर झोपेतच "थुंका" म्हणाले आणि कुशीवर वळले.

इतक्यात बाहेरचं दार वाजलं. आजी चहासाठी परतल्या होत्या, त्यांच्यामागे चष्मेवाले आणि अर्धा जिना. काकांनी दार किलकिलं करून बोट ओठांवर ठेवलं आणि सगळ्या नोकरीत कधी न उच्चारलेलं वाक्य हलकेच उच्चारलं.

"जागा नाही हो. मागच्या गाडीने या."