फळ्यावरचा आकडा

“सिस्टर, तुमची हिपॅटायटिस सीची टेस्ट पॉझिटिव्ह आहे,” डॉक्टर म्हणाले. नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी वीस वर्षं नर्स, आता वॉर्डची इन्चार्ज. हे वाक्य पेशंट ऐकतो तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी असते. त्या दिवशी माझ्या शेजारी कोणी नव्हतं.

हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारा, यकृताला सूज आणणारा आजार. एका ताटात जेवून होत नाही, मिठी मारून होत नाही.

“कधी सुई टोचली होती?” त्यांनी विचारलं.

टोचली होती ना! चार महिन्यांपूर्वी, सकाळच्या घाईत, पेठ तालुक्यातल्या एका बाबांचं रक्त घेतल्यावर. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, तशीच डब्यात टाकायची, हे नव्या मुलींना मी घसा फोडून सांगते. आणि माझाच हात जुन्या सवयीनं टोपणाकडे गेला. सुई अंगठ्यात घुसली. धुतलं, पट्टी लावली, गप्प बसले.

कारण आमच्या वॉर्डातला फळा. त्यावर लिहिलंय, ‘सुई न टोचता गेलेले दिवस’. रोज सकाळी मीच आकडा वाढवते. टोचल्याचं कळवलं की पुन्हा शून्य. दोनशेच्या जवळ आलो होतो, पाहुण्यांना तो फळा कौतुकानं दाखवला जायचा. मी दुसऱ्या दिवशी त्यात एक मिळवला. काय म्हणावं या अकलेला!

लगेच सांगितलं असतं तर माझं आणि पेशंटचं, दोघांचं रक्त तपासलं असतं. आता ते बाबा कधीच घरी गेले होते.

“आता तरी सुई टोचल्याचा फॉर्म भरा,” डॉक्टर म्हणाले. भरते म्हटलं. भरला नाही.

बारा आठवडे रोज गोळी. देवळाली कॅम्पातल्या खोलीवर मी एकटी. सटाण्याहून आईचा फोन यायचा, “तब्येत कशी शे तुनी?” बरी शे म्हणायचे आणि फोन ठेवून रडायचे. सगळं माहीत असूनही कॅन्टीनमध्ये स्वतःचा कप वेगळा ठेवायचे, कोपऱ्यात बसायचे. मला कुणी दूर केलं नव्हतं. मीच झाले.

गोळ्या संपून तीन महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी केली. “सापडत नाही,” डॉक्टर म्हणाले, “आणि फॉर्म?”

दुसऱ्या सकाळी ड्युटी बदलताना सगळ्यांसमोर फळा पुसला, शून्य लिहिलं आणि घडलेलं सांगून टाकलं. मुली पांगल्या.

कचरा उचलणाऱ्या मावशी तेवढ्या थांबल्या. “मलाबी टोचली हाय. दोनदा. पिशवीतनं.”

“मावशी, अहो, सांगायचं नाही का?”

“कसं सांगनार? तुमचा फळा लय वर गेला व्हता.”

मी त्यांचा हात धरला आणि सरळ लॅब गाठली.

तुम्ही हॉस्पिटलात काम करत असाल तर टोचल्या क्षणी सांगा, इन्चार्ज माझ्यासारखी असली तरी. मी बरी झाले, डॉक्टरांचे उपकार. पण हे लिहितेय ते लॅबबाहेरच्या बाकावर बसून. शेजारी मावशी आहेत, त्यांचा रिपोर्ट यायचाय.