फिल्टरला हात लावायचा नाय

काशिरामची उमेदीची सगळी वर्षं मोऱ्याच्या बंदरात, मासेमारीच्या होडीवर गेली. होडी हाकणारा तांडेल दुसरा असायचा. काशिराम इंजिन सांभाळायचा. डिझेलमध्ये पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून तो डिझेल फडक्यातून गाळून घ्यायचा. भर समुद्रात आपलं इंजिन कधी बंद पडलं नाही, हे तो ओळख झालेल्या प्रत्येकाला सांगायचा, आणि ओळख जुनी झाली तरी सांगत राहायचा.

पुढे मासळी कमी होत गेली आणि मालकाने होडी विकली. काशिरामने एक जुनी डिझेलची फोर बाय फोर जीप घेतली आणि उलव्याला काम धरलं. एका ठेकेदाराची सर्व्हे करणारी माणसं साइटवर फिरवायची, एवढंच काम. पण समुद्रावर धूळ नसते, आणि उलव्याला धुळीशिवाय काही नव्हतं. कापलेल्या टेकड्यांवरून दिवसभर डंपर धावायचे आणि त्यांच्यामागे पिठासारखी बारीक माती उठायची. ती चहात पडायची, भुवयांवर बसायची, दातांखाली करकरायची.

जीप चढावर दम खाऊ लागली तेव्हा काशिरामने एअर फिल्टरची पेटी उघडली. आतला कागदी फिल्टर मातीने भरला होता. त्याला धक्काच बसला. "आरं, ह्या इंजिनाने स्वास कुठून घ्यायचा?" तो स्वतःशीच म्हणाला.

तेव्हापासून त्याने नेम धरला. रोज संध्याकाळी काम सुटलं की फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा, पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने आतून बाहेरून हवा मारायची, उजेडाकडे धरून बघायचा आणि परत बसवायचा. बायको गंगाबाई जेवणाचं ताट झाकून बसलेली असायची. "त्या कागदाची येवढी काळजी," ती म्हणायची, "माझे गुडघे दुकतात त्याची कदी इचारपूस नाय केली."

कोन गावाच्या रस्त्याला ताहेरचं गॅरेज होतं. ताहेर मस्कतला कितीतरी वर्षं वाळवंटातल्या गाड्यांवर काम करून परत आला होता. काशिराम ऑइल बदलायला गेला तेव्हा ताहेरने पेटीच्या झिजलेल्या क्लिपा पाहिल्या.

"काका, ही पेटी रोज उघडता का?"

"रोज. एक दिवस खाडा नाय."

"मग खाडा करा. थोडी धूळ बसलेला फिल्टर उलट जास्त चांगलं गाळतो. तुम्ही पेटी उघडता तेव्हा कडेची धूळ आत सांडते. वर कंप्रेसर मारता, त्याने कागद फाटतो. डोळ्याला दिसत नाही, पण फाटतो."

"म्हंजे घान तशीच ठेवू?"

"ठेवा. चोंदला की बदला."

काशिरामने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. "ताहेरभाई, तुला नवीन फिल्टर इकायचाय."

ताहेरने कपाळाला हात लावला. "या अल्लाह. माझ्याकडून नका घेऊ, पनवेलात कुठूनही घ्या. फक्त कंप्रेसर मारू नका."

हेच बोलणं पुढे प्रत्येक खेपेला झालं. ताहेर कधी समजावून सांगायचा, कधी ओरडायचा, कधी नुसता हात जोडायचा. काशिराम सगळं ऐकून घ्यायचा आणि संध्याकाळी पंक्चरवाल्याकडे जायचा. ज्या माणसाने आयुष्यभर इंजिन साफ ठेवलं, त्याला कोणीतरी घाण राहू द्यायला सांगावं, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

पावसाळा सरून धूळ पुन्हा उडू लागली तशी जीप ऑइल पिऊ लागली. मागून निळसर धूर निघायला लागला. काशिरामने काय करावं? तो दुपारीही फिल्टर साफ करू लागला.

त्यातच एक दिवस सर्व्हे करणारा इंद्रजीत मोजणी करताना कापलेल्या टेकडीवरून घसरला आणि खालच्या चरात पडला. पायाचं हाड मोडलेलं दिसतच होतं. काशिरामने आणि दोघा मजुरांनी त्याला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. चरापासून वर यायला एकच वाट होती, उभ्या चढाची आणि भुसभुशीत. काशिरामने फोर बाय फोर टाकला. जीप अर्ध्यावर चढली, तिने निळ्या धुराचा लोट सोडला आणि ती बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागे इंद्रजीत दात आवळून पडला होता. "काका, काय झालं?" त्याने दोनदा विचारलं. काशिरामने पुन्हा किल्ली फिरवली.

शेवटी वरून एक डंपर बोलावला. मोडक्या पायाच्या माणसाला त्या उंच केबिनमध्ये चढवताना त्याच्या तोंडून जो आवाज आला, तो काशिरामने मान खाली घालून ऐकला. इंद्रजीत वेळेत दवाखान्यात पोचला, पायात सळई पडली, पुढे तो चालूही लागला. काशिराम मात्र त्या दिवशी जेवला नाही.

जीप ओढून ताहेरकडे नेली. ताहेरने फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडे जाणारा पाइप सोडवला. तिथे फक्त गाळलेली हवा जायची असते. त्याने आत बोट फिरवलं आणि बाहेर काढून काशिरामसमोर धरलं. बोटावर उलव्याची बारीक माती होती. इंजिन उघडल्यावर सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे दिसले.

काशिरामने एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. "म्हंजे मीच मारला?"

ताहेरला खोटं बोलवेना. "हो काका. हातपाय जोडून सांगत होतो तुम्हाला."

"सांगत व्हतास," काशिराम म्हणाला आणि बाकड्यावर बसला. "होडीवर आसा जीव लावला तर इंजिन वाचायचा रं."

ताहेरने चहा मागवला.

इंजिनचं काम झालं. ताहेरने नवा फिल्टर, नव्या क्लिपा बसवल्या आणि पाइपवर एक छोटा काचेचा दर्शक लावला. फिल्टर चोंदला की त्यात लाल पट्टी दिसते. "लाल दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. लाल दिसलं की माझ्याकडे यायचं. शपथ घ्या."

काशिरामने शपथ घेतली आणि पाळली. रोज संध्याकाळी तो बॉनेट उघडतो, दर्शकात बघतो, मागे हात बांधून उभा राहतो आणि बॉनेट लावतो. घरी वेळेवर येतो. पण आता संध्याकाळ मोकळी आणि हात शिवशिवतात. पहिल्या आठवड्यात त्याने पंखा उतरवून धुतला. मग मिक्सर खोलला, त्यातला एक स्क्रू अजून सापडलेला नाही. मग गॅसच्या शेगडीचे बर्नर.

परवा शिलाई मशीन उघडून जमिनीवर मांडलेलं पाहिलं, तेव्हा गंगाबाईने ताहेरला फोन लावला.

"भावा, त्यांना तो फिल्टर जरा साफ करू दे ना," ती म्हणाली. "गाडी मेली तर मेली. माझ्या घरातला काय चालू रेला नाय."