अम्मांचा चेंबू आणि आमचे पाच किलोमीटर

यंदाच्या रनचा टी-शर्ट पोपटी आहे, आणि त्याला शिव्या घालायला अंबादास नाही.

साधा पोपटी नव्हे. पोपटाला दाखवला तर तोही मान वळवेल. वर पॉलिएस्टर. छातीवर इतके स्पॉन्सर, की हृदयाला जागा उरलेली नाही.

विषय गंभीर आहे. कृपया नुसतं लाइक करून पुढे जाऊ नये.

आज अंबादासला जाऊन वर्ष झालं. उद्या सकाळी रन आहे. रूट तोच, त्याच्या गल्लीतून, त्याच्या दारावरून.

आणि मी नाव दिलंय.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: अंबादास माझा शाळेपासूनचा मित्र. घरचे पॉवरलूम, टॉवेलचा धंदा. माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या शर्टाची कड दोन बोटांत धरून बघायचा. जन्म मागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळे कानात सांगायची गोष्टही ओरडूनच सांगायचा. त्याची सगळी गुपितं सोलापूरला ठाऊक आहेत. माझीही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं. मी विश्वासानं ते फक्त अंबादासला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोघांची नावं पाच किलोमीटरला देऊन टाकली.

"अरे, डॉक्टर चाल म्हणाले. पळ म्हणाले नाहीत."

"तू पळालास तरी चालल्यासारखंच दिसतंय बे शास्त्री. काय फरक पडूलालाय?"

मी शाळेत संस्कृत शिकवतो. एवढ्या अपराधावरून त्यानं मला शास्त्री करून टाकलं होतं.

रनच्या सकाळी तो आला तो टी-शर्टवर घरचा टॉवेल टाकून. टॉवेल खांद्यावर नसला की त्याला उघडं वाटायचं.

व्यवस्थेतली मुलगी म्हणाली, "काका, छातीवरचा नंबर दिसला पाहिजे."

त्यानं नंबर काढला आणि पिना मारून टॉवेलला लावला. "आता दिसूलालाय की."

तिनं नियमांचा कागद काढून बघितला. टॉवेलला बंदी नव्हती. शास्त्रातही नसावी.

पळताना मी पुढे, तो मागे. तो दमायचा म्हणून नव्हे, ओळखीचे भेटायचे म्हणून. पाणी देणाऱ्या प्रत्येकाला "कुणाचा बे तू?" असं विचारल्याशिवाय तो ग्लासला हात लावत नव्हता. मला वळून बघायची गरज नव्हती. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. मी आवाजावरून अंबादासचं करत होतो.

आणि मग त्याची गल्ली आली.

आदल्या दिवशी त्यानं आईला, म्हणजे अम्मांना, सांगितलं होतं, उद्या आम्ही दारावरून जाणार, बरोबर शेकडो माणसं असणार. आता अम्मांच्या उभ्या आयुष्यात शेकडो माणसं दारावरून गेली ती एकाच कारणानं. श्रावणात देवाचा रथ येतो तेव्हा. त्या दिवशी बायका रस्ता धुतात, रांगोळ्या काढतात, रथाबरोबर चालत आलेल्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात.

तर अख्खी गल्ली धुतलेली. दोन्ही बाजूंना रांगोळ्या. शेजारणी ताटं घेऊन उभ्या. सगळ्यांत पुढे अम्मा, हातात पितळी चेंबू. आपण तांब्या म्हणतो तो.

कानात गाणी घालून पळणारी तरुण मंडळी ह्या नाकाबंदीपाशी अडकली होती. एक जण काकुळतीनं म्हणाला, "आजी, माझा टाइम चाललाय."

"टाइम कुटं जातंय," अम्मा म्हणाल्या. "पाय इकडं कर."

त्यानं पाय इकडं केले.

माझा नंबर आला. "आगु," अम्मा म्हणाल्या. त्यांच्या तेलुगूत आगु म्हणजे थांब. अर्ध्या वाटेपासून मी हाच शब्द कुणीतरी म्हणावा म्हणून तळमळत होतो.

पाणी बुटांवर. मोजे गार. शेजारणीनं ओवाळलं.

मग अम्मांनी मान उंचावून माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. "आमचा कुटं हाय?"

"येतोय मागून," मी म्हणालो.

आवाज येतच होता.

तो आला, आईपुढे पाय केले. मग तिच्या हातातला चेंबू घेतला आणि मागून येणाऱ्यांच्या पायांवर स्वतःच पाणी घालायला लागला. आपणही ह्या शर्यतीत आहोत, हे तो साफ विसरला. मीही आठवण करून दिली नाही. मला बसायला पायरी मिळाली होती.

सगळ्यात शेवटी ॲम्ब्युलन्स आली. तिच्या चाकांवर पाणी घातलं, ड्रायव्हरला कुंकू लावलं. तो खाली उतरून अम्मांच्या पाया पडला.

मग आम्ही दोघं, पचपच वाजणाऱ्या बुटांनी, ॲम्ब्युलन्सच्या मागून पळालो. ती मधूनमधून आमच्यासाठी थांबत होती.

पोचलो तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. उप्पीट संपलं होतं. त्या मघाच्या मुलीनं खोक्याच्या तळातून दोन मेडलं शोधून दिली.

अंबादासनं रिबन दोन बोटांत धरली. "पॉलिएस्टर," तो ओरडला.

मग गळ्यात घातली, आणि दिवसभर काढली नाही. कारखान्यातसुद्धा.

गेल्या वर्षी रन तोंडावर आली असताना तो दुपारी जेवून झोपला आणि उठला नाही. मी त्या रनला गेलो नाही.

काल अम्मांचा फोन आला. "परवा येणार ना तू? चेंबू घासून ठेवलंय."

नाही म्हणता आलं नाही.

तेव्हा उद्या हा पोपटी प्रकार अंगात घालीन. वर त्याच्या मागावरचा टॉवेल, नंबर त्याच्यावर. दम लागेल. तो लागतोच.

अंबादास, मित्रा, नमस्कार घे.

टी-शर्टचं काही नाही रे. पाच किलोमीटरही होतील कसेबसे. पण उद्या अम्मा माझ्या पायांवर पाणी घालतील. त्यांना सगळं ठाऊक आहे, तरी सवयीनं मान उंचावतील, आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघतील.

तेव्हा काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.