फीबल झालेली धवलारीण

ती घटना आठवली की आजही मी उठून घरातला औषधांचा डबा उघडतो आणि आईच्या गोळ्या मोजतो. बायको म्हणते, "नोकरी सुटली, पण झडती काही सुटली नाही." ती हसते. मला हसू येत नाही.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. हद्दीत सोसायट्या होत्या आणि त्यांच्या मधोमध कोपरखैरण्याकडची जुनी गावंही होती. एका सकाळी, हजेरी चालू असताना, अशाच एका गावातली साठीची बाई ठाण्यात आली. हातात नारळ.

ठाणे अंमलदाराने विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?"

"तकरार नाय. आमचे नातीची हलद हाय. धवलारीन पायजे."

"मावशी, ती पोलिसांकडे कुठे मिळणार?"

"ती तिचे घरान हाय रे. तिचा पोर भेटू देत नाय!"

अंमलदाराला हसू आलं. मी मात्र बाईंना खुर्ची दिली. आगरी लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गाणारी ही बाई असते आणि विडा-नारळ देऊन तिला बोलवायचं असतं. त्या गावची धवलारीण सत्तरी ओलांडलेली विधवा होती. ठाण्यात आलेली बाई तिच्याकडे दोनदा विडा घेऊन गेली आणि दोन्ही वेळा मुलाने दारातूनच परत पाठवलं.

"काय सांगतो तो?"

"आईला फीबल झालंय म्हनतो. कसला रोग वो हा, साहेब? लागन होते काय? गावातलं कोनी त्या दाराशी जात नाय आता."

फीबल हा काही रोग नाही. इंग्रजीतला साधा शब्द आहे. अशक्त, क्षीण. हातापायांना लावतात, आवाजाला लावतात, न पटणाऱ्या सबबीलाही लावतात. आता अशक्त माणसाला भेटायला गावाने जावं, ही आपली रीत. इथे भेटूच देत नव्हते. मला ते खटकलं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि संध्याकाळी, मुलगा-सून कामावरून परतल्यावर, एका महिला हवालदाराला आणि त्या बाईंना घेऊन मी त्या घरी गेलो.

मुलाने दार उघडलं. गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र होतं. बोलायला अतिशय सभ्य.

"या ना साहेब. आई फीबल आहे, माणसंही ओळखत नाही. तिला टेन्शन नको म्हणून कोणाला आत सोडत नाही."

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. हवालदाराने ती काढली. खाटेवर म्हातारी पडून होती. डोळे अर्धे उघडे, ओठ सुकलेले, हाताची हाडं दिसत होती. पण चादर धुतलेली होती, उशाशी केळी होती, पंखा चालू होता. खरं सांगायचं तर माझा निम्मा संशय तिथेच फिटला. वैद्यकीय तपासणी करून घेऊ आणि प्रकरण बंद करू, असं मनात आलं.

सोबतच्या बाई मात्र खाटेवर जाऊन बसल्या. नारळ तिच्या हाताशी ठेवला. "गो आत्या, विडा आनलाय. घे ना गो."

काही नाही. मग त्या हळदीचा धवला गाऊ लागल्या. आवाज यथातथाच. दोन-चार ओळी झाल्या असतील, तेवढ्यात म्हातारीची बोटं नारळावर हलली.

"चुकलीस गो," ती पुटपुटली. "देवांना बोलावनं आधी."

मुलगा म्हणाला होता, माणसं ओळखत नाही! मी त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात म्हातारी पुन्हा बोलली, "आज गोली दिली नाय वाटतं अजून."

सून दारात उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"ताई, मूठ उघडा," हवालदार म्हणाली.

मुठीत झोपेच्या दोन गोळ्या होत्या.

म्हातारीला रुग्णालयात हलवलं आणि पंचांसमक्ष झडती घेतली. डॉक्टरांनी तिच्या रोजच्या झोपेसाठी अर्धी गोळी लिहून दिली होती, म्हणजे महिन्याला पंधरा. त्या आठवड्याच्या कचऱ्यातच त्याहून जास्त गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, जागा. नवी मुंबईतल्या गावात म्हाताऱ्या माणसाला कोंडलं की पोलीस आधी घराचे कागद मागतो. चौकशीत मीही तेच विचारलं. मुलाला खरोखरच आश्चर्य वाटलं.

"घर माझ्याच नावावर आहे, साहेब. वडिलांनीच केलं होतं."

"मग कशासाठी?"

"आम्ही दोघं सकाळी निघतो. ही गावभर फिरायची. एकदा गॅस चालू राहिला. रात्रीची गोळी घेतली की शांत पडून राहायची, म्हणून मग सकाळीही दिली."

"आणि?"

"आणि ती फीबल झाली. आता फीबल माणसाला एकटं कसं सोडणार? म्हणून गोळ्या वाढवल्या."

मी पेन खाली ठेवलं. आयुष्यात खुनाचे कबुलीजबाब घेतले, पण तेव्हा हात थांबला नव्हता. हा माणूस काही लपवत नव्हता. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असा हिशेब त्याने न अडखळता सांगितला. गोळ्यांनी आई अशक्त होत होती आणि अशक्त होती म्हणून तिला गोळ्या मिळत होत्या, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पण आम्ही तिला रोज जेवायला घालायचो."

गुन्हा दाखल झाला. शुद्धीवर आल्यावर म्हातारीने जबाब दिला. "लिवा, पोरानं गोल्या दिल्या. पन जेवाला घालायचा तेही लिवा. खोटं नको." त्या बाईंच्या नातीच्या हळदीला ती गाऊ शकली नाही. ती रुग्णालयातून निघाली तोवर पोरगी सासरी गेली होती. म्हातारी लेकीकडे खांदेश्वरला राहायला गेली.

रागाने किंवा लोभाने केलेला गुन्हा पोलिसाला लवकर दिसतो. घराच्या सोयीसाठी केलेला दिसत नाही, कारण तिथे चादर धुतलेली असते आणि उशाशी केळी असतात. त्या प्रकरणानंतर कोणी घरातल्या आजाऱ्याविषयी डॉक्टरी थाटाचा शब्द वापरला, की मी एवढंच विचारायचो, "म्हणजे नेमकं काय होतं त्यांना?"

काही महिन्यांनी ती धवलारीण लेकीचा हात धरून ठाण्यात आली. चालत आली. गावातल्या एका लग्नाला निघाली होती, वाटेत थांबली.

"साहेब, माजा पोर सांगायचा तो इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ काय? लोकांचं येनंजानंच बंद झालं त्या शब्दानं."

"अशक्त, आजी. बाकी काही नाही."

"अशक्त?" ती म्हणाली. "तसं सांगितलं असतं तर घराघरातनं पेज आली असती रे."