झोपेची राखण

वॉर्डात पाय टाकण्याआधी सिस्टरबाई हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवायच्या, वाजू नयेत म्हणून. मग दाराशी स्टूल टाकून भेटायला आलेल्यांना म्हणायच्या, "झोपू द्या त्यायले. उठले का भेटजा."

सौंसरच्या एका दवाखान्यात, हृदयाच्या वॉर्डात, मी ईसीजी काढायचो. झोपेची गोळी डॉक्टर सहसा देत नसत आणि पेशंटला झोप तर हवी. ते काम बाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. दुपारी पडदे ओढायच्या, कानात कापसाचे बोळे घालायच्या. "तुमच्याच वावरातला कापूस असंन," म्हणत कास्तकाराला हसवायच्या.

खरी लढाई नातेवाइकांशी. आपल्याकडे भेटायला एकटा कोणी येतो का, तुम्हीच सांगा. गाडी भरून माणसं येतात आणि जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर लावायला झोपलेल्याला हलवून उठवतात. बाई पुडी काढून घ्यायच्या. "देवाले घाई नाई, तुमालेच हाय." पेशंट उठला की मात्र आठवणीने लावायच्या.

एकदा एक म्हातारा कास्तकार भरती झाला. आल्यापासून त्याचा डोळा लागला नव्हता. एका दुपारी तो अखेर झोपला आणि बाईंचा चेहरा खुलला. तेवढ्यात रामाकोन्याहून त्याचा धाकटा भाऊ आला. शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालेलं, वर्षानुवर्षं अबोला.

"माफी मांगाले आलो, बाई. दोनच मिनिटं."

"इतके वर्षं थांबले, आता घंटाभर थांबा."

तो बाहेर बाकावर बसला. थोरल्याचं हृदय झोपेतच थांबलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण तो परत आला नाही. सगळं आटोपल्यावर धाकटा दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "आता जाऊ का, बाई, अंदर?"

बाईंनी स्टूल बाजूला केलं.

यात तुमची चूक नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मीही सांगितलं. ते खरंच होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

त्यानंतर बाईंनी कोणालाच अडवलं नाही. पुढे माझी आई त्याच वॉर्डात भरती झाली, तेव्हा पांढुर्ण्याचा सारा गोतावळा तिच्या खाटेभोवती जमायचा. मी माणसं बाहेर काढायचो, ती परत यायची. जागून जागून आईचे डोळे लाल झाले होते. शेवटी तिने बाईंचा हात धरला.

"सिस्टर, यायले बाहेर काढा ना. मले झोपू द्या."

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. आईकडे बघायचं मात्र टाळलं.

"भेटून घ्या, आई," त्या म्हणाल्या. "सगळ्यायले भेटून घ्या."