मैनाने न घेतलेलं नाव

मुरबाडच्या एका लहानशा दवाखान्यात मैना अकरा वर्षं मदतनीस होती. हात इतका हलका, की सुई टोचून झाली तरी माणसं डोळे मिटूनच बसायची. पण नव्या डॉक्टरांनी फर्मान काढलं: दिवाळीच्या आत वैद्यकीय सहायकाचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर घरी बसा. आता शिक्का नाही म्हणून अकरा वर्षांच्या सुया काय परत उपटून काढायच्या होत्या? पण विचारणार कोण!

लेखी परीक्षा ती पास झाली होती, प्रात्यक्षिकात मात्र दोनदा आपटली होती. ही शेवटची संधी. नवरा, कुंडलिक, तिला स्कूटरवर बसवून शहापूरला घेऊन आला. "घाबरू नको गो, मी हाय बाहेर," म्हणाला आणि थेट वडापावच्या गाडीकडे वळला.

आत खाटेवर एक म्हातारा आडवा पडला होता. परीक्षक बाईंनी मैनाच्या हातात चिठ्ठी दिली: 'कुंडलिक या रुग्णाला इंजेक्शन द्या.' सुई खोटी, पण मार्क खरे.

मैनाने चिठ्ठी पुन्हा वाचली. नवऱ्याचं नाव! लग्नाला वीस वर्षं झाली, तिने ते तोंडातून काढलं नव्हतं. मोबाइलमध्येसुद्धा तो 'ऋतिकचे पप्पा' होता. तिच्या आधीच्या पोरींनी खुशाल "कुंडलिककाका ना?" म्हटलेलं तिने दाराबाहेरून ऐकलं होतं, पण आपल्याही चिठ्ठीत तेच नाव निघेल असं तिला वाटलं नव्हतं. म्हातारा "हां, हां" म्हणाला होता आणि पोरी टोचून मोकळ्या झाल्या होत्या.

बाई घड्याळ बघू लागल्या. मैना "कुं" पर्यंत आली आणि तिथेच अडकली. नुसतं 'अहो' म्हणावं, तर तेही नवऱ्याचंच! नोकरी जाणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. शेवटी ती म्हाताऱ्यावरच खेकसली.

"बाबा, तुमचं नाव तुमीच सांगा बरं! पुरं सांगा!"

"महादू धर्मा," म्हातारा दचकून म्हणाला.

"मग तुमाला सुई नाय. उठा!"

परीक्षक बाई खुर्चीतून उठल्याच. रुग्ण त्यांनी मुद्दाम चुकीचा ठेवला होता, कुठल्याही नावाला 'हां' म्हणायला सांगून. नाव आपण सुचवायचं नसतं, रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं, आणि सकाळपासून चौदाजणींत एकीलाही ते सुचलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे 'उत्तीर्ण' लिहून सही ठोकली. मैनाला इतका आनंद झाला, की ती महादूबाबांच्या पायाच पडली.

"इतका पक्का नियम कुठे शिकलात हो?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

"सासरी," मैना म्हणाली.